चिमीचा लाल पट्टा

मोटर चालवणाऱ्या माणसाच्या सीटखाली एक डबा असतो. त्यात नट, बोल्ट, वायसर, वायरचे तुकडे, कुठल्या तरी गाडीचा कुठला तरी स्क्रू असं काहीबाही साठत जातं. कुठलं कुठून आलं ते सांगता येत नाही आणि टाकूनही देववत नाही. किश्श्यांचं तसंच आहे. मी चाळीस वर्षं मोटर चालवली आणि बोललो कमी, म्हणून माझा डबा भरलेलाच राहिला.

परवा नातवाच्या गाडीतून इथंच ग्वाल्हेरात, कंपू भागात डॉक्टरकडे निघालो होतो. मागे माझा पणतू, वय साडेतीन. त्याला पट्टा लावायचा होता. त्यानं आधी अंग लाकडासारखं ताठ केलं, मग एकदम ढिलं सोडलं आणि पट्ट्याखालून घसरून थेट पायाशी जाऊन बसला. गाडी टिंगटिंग वाजत राहिली. नातू वैतागला. म्हणाला, "आजोबा, तुमच्या वेळी बरं होतं. ये सब झंझट ही नहीं थी."

मी म्हटलं, "होती."

तो हसला. मी पुढं सांगणार होतो, पण मला वाक्य जुळवायला वेळ लागतो. तोवर कंपू आला.

म्हणून लिहून सांगतो. शिक्षण चौथीपर्यंत झालंय, तेव्हा सांभाळून घ्या.

* * *

आमचं ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं आणि नवं राज्य आलं. त्या राज्याला राजधान्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दर सहा महिन्यांनी कचेऱ्या उठायच्या, फाइलींच्या पेट्यांना सुतळ्या बांधल्या जायच्या, माणसं निघायची. घराघरांत अर्ध्या ट्रंका कधी उघडल्याच जात नसत. रस्त्यात कोणी भेटलं आणि कसं काय विचारलं, तर एक तर "निघायचंय" म्हणायचा, नाहीतर "आत्ताच आलोय". बसलेला असा कोणी सापडत नव्हता.

सरकारी मोटरखान्याचीही वाटणी झाली. गोरखी वाड्याच्या मागच्या आमच्या शेडमध्ये शेवटी एक गाडी आणि तीन माणसं उरली. एक मी. दुसरे जमादार तात्या, फौजी घराण्यातले, मिशीवाले, आधी हत्तीखान्यात आणि मग मोटरखान्यात नोकरी केलेले. तिसरा रहीम मिस्त्री, ज्याच्या हातात पाना आणि तोंडात उत्तर तयार असायचं.

"अच्छी गाड़ियाँ इंदौर चली गयीं," रहीम म्हणायचा. "जो इंदौर तक जा नहीं सकती, वो हमको मिली."

आणि दर सहा महिन्यांनी तीच गाडी आम्ही इंदूरला घेऊन जायचो.

तिचं मागचं डावं दार वळणावर आपोआप उघडायचं. रहीमनं ते किती वेळा दुरुस्त केलं असेल, त्याला मोजदाद नाही. शेवटी त्यानं निकाल देऊन टाकला. "दरवाज़ा ठीक है, गनपत भाई. ग्वालियर के मोड़ ही टेढ़े हैं."

* * *

ही गाडी भाऊसाहेबांच्या दिमतीला होती. भाऊसाहेब महसूल खात्यात अधिकारी. राहायला खासगी बाजारात, घरी बाईसाहेब आणि एकच मुलगी, चिमी. तेव्हा ती चार वर्षांची होती. मोटरीत ती बसायची नाही. उभी राहायची, सीटवर गुडघे टेकायची, मागच्या काचेला नाक लावायची, माझ्या मानेला धरून लोंबायची. बाईसाहेब म्हणायच्या, "हिच्या अंगात कचेरी शिरलीय. सारखी निघालेली."

थंडीतल्या एका सकाळी मी तिला मावशीच्या घरी कंपूला सोडायला निघालो. मागे ती एकटीच. गोरखीच्या वळणावर दार उघडलं. मी आरशात पाहिलं तर सीट रिकामी.

ब्रेक दाबून उतरलो. वळणावर एका पिंजाऱ्याचं दुकान होतं आणि रजयांचे दिवस असल्यानं दुकानासमोर पिंजलेल्या कापसाचा कमरेएवढा ढीग होता. त्या ढिगातून चिमी उठून बसली. भुवयांवर कापूस, डोक्यावर कापूस, साठीची म्हातारी दिसत होती.

माझ्याकडे बघून ती म्हणाली, "गणूकाका, पुन्हा."

तिसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांपुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, चिमीताईंना बांधलेलं नसेल तर मी मोटर चालू करणार नाही."

भाऊसाहेबांनी फाइलीतून मान वर केली.

"गणपत," ते म्हणाले, "तुला बोलता येतं?"

* * *

बांधायचं ठरलं, पण बांधायचं कसं?

पहिल्यांदा बाईसाहेबांनी आपली ओढणीसारखी जुनी शाल घेतली. चिमी ताठ झाली, मग ढिली झाली आणि खालून निघून गेली. दुसऱ्यांदा शाल घट्ट बांधली तेव्हा ती वरून निघून गेली. तिसऱ्यांदा शाल जागच्या जागी होती, गाठ जागच्या जागी होती, फक्त चिमी पुढच्या सीटवर माझ्या शेजारी होती.

तेव्हा तात्या पुढं आले. म्हणाले, "बाईसाहेब, दसऱ्याच्या स्वारीत सरदारांची पोरं मी हत्तीवर बांधलीत. तोफा सुटायच्या, हत्ती डुलायचा, एक पोर कधी पडलं नाही. मला एक चांगला शेला द्या. जुनेरं चालत नाही, सुटतं."

बाईसाहेबांनी ट्रंक उघडून लग्नातला चंदेरी शेला काढून दिला. तात्यांनी तो चिमीच्या पोटावरून, पाठीवरून, सीटच्या मागून, पुन्हा खांद्यावरून असा काही फिरवला आणि अशी गाठ मारली की आम्ही सगळे बघत राहिलो. चिमी हलली नाही. हलूच शकली नाही. तात्या मिशीवर हात फिरवून म्हणाले, "हत्तीगाठ."

मोटर फाटकाबाहेर पडली आणि चिमी म्हणाली, "मला सू लागली."

मी गाठ सोडायला गेलो. सुटेना. बाईसाहेबांनी नखं लावली. सुटेना. तात्या पळत आले, त्यांनी दात लावले. गाठ आणखी आवळली. चिमी आता रडायच्या बेतात. रहीम पाना घेऊन आला, मग पाना ठेवून कात्री घेऊन आला. त्यानं बाईसाहेबांकडे पाहिलं. बाईसाहेबांनी डोळे मिटून मान हलवली.

लग्नातला शेला मधोमध कापला गेला. चिमी धावत सुटली, तरी वेळेवर पोचली नाहीच.

बाईसाहेब शेल्याचे दोन तुकडे हातात घेऊन उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "तात्या, त्या हत्तीवरच्या मुलांना कधी लागतच नव्हती का हो?"

तात्यांनी खरंच विचार केला. म्हणाले, "हत्ती उंच असतो बाईसाहेब. ती काय म्हणतात ते खाली ऐकू यायचं नाही."

* * *

मग गजकाचा काळ आला. गजक म्हणजे इकडची तिळगुळाची खुसखुशीत वडी. चिमीला ती फार आवडायची. तोंडात गजक असेतोवर ती बसायची. गजक संपला की उभी. रहीमनं त्यावरून अंतर ठरवून टाकलं होतं. मोटर कुठं जाणार असेल तर तो मला फाटकातून ओरडून विचारायचा, "कितने गजक?"

खासगी बाजार ते गोरखी, एक गजक. गोरखी ते कंपू, दोन.

"और इंदौर?" मी एकदा विचारलं.

रहीमनं बोनेट बंद केलं. "इंदौर के लिए तो हलवाई को साथ बिठाओ, गनपत भाई."

* * *

इंदूरचं नाव निघालं, ते उगीच नाही. थंडी संपत आली होती आणि कचेरी पुन्हा निघणार होती. बाकी लोक रेल्वेनं जायचे. पण भाऊसाहेबांकडे जमिनीचे जुने नकाशे होते, पत्र्याच्या नळ्यांत गुंडाळलेले. ते नकाशे ते कोणाच्या हवाली करत नसत. म्हणून नळ्या आणि कुटुंब मोटरीनं जायचं. दोन दिवसांचा रस्ता, मध्ये घाट, वळणं, आणि ते दार.

एका संध्याकाळी भाऊसाहेबांनी मला आणि बाईसाहेबांना एकदमच सांगितलं. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "चिमी बांधून बसणार असेल तर येईल. नसेल तर सहा महिने मावशीकडे राहील. रस्त्यात मुलगी सांडायला मी तयार नाही."

दुसऱ्या दिवशी मी सामान न्यायला गेलो तेव्हा पलंगावर चिमीच्या फ्रॉकांच्या दोन चळती दिसल्या. एक इंदूरची, एक मावशीकडची. मी रोज जायचो आणि रोज बघायचो. इंदूरच्या चळतीतला एखादा फ्रॉक दुसऱ्या चळतीत गेलेला असायचा. बाईसाहेब माझ्यासमोरच एक फ्रॉक उचलायच्या, घडी मोडायच्या, पुन्हा घालायच्या, आणि तिकडे ठेवायच्या.

चिमीलाही ते कळत होतं. मोटरखान्यात येऊन माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "गणूकाका, मावशीकडे मोटर आहे?"

"नाही."

"मग तिथं बांधणार नाहीत."

"नाही बांधणार."

ती थोडा वेळ पाय हलवत बसली. मग म्हणाली, "आई पण नाही."

मी उठून उगीच टायर बघायला गेलो.

* * *

त्याच आठवड्यात दुसरी एक भानगड झाली. संस्थान जाऊन वर्षं झाली होती, पण जुन्या सरकारचे पट्टे जमा करा असा हुकूम आमच्यापर्यंत तेव्हा पोचला. पट्टा म्हणजे चपराशी आणि जमादार लोक खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपा घालत तो. लाल बनातीचा, चार बोटं रुंद, मधोमध पितळी बिल्ला, बिल्ल्यावर जुन्या राज्याचं नाव. नवे पट्टे नंतर येणार होते. जुने मात्र ताबडतोब हवे होते.

तात्यांनी बावीस वर्षं तो पट्टा घातला होता. हुकूम आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "हरवला." भाऊसाहेबांनी सगळे पट्टे जमा झाले असं लिहून त्याखाली सही केली आणि तात्यांकडे पाहिलं नाही.

पण घालायची चोरी झाली. तात्या सारखे उठायचे, बसायचे, खांदा चाचपायचे. रहीमनं विचारलं, "क्या हुआ तात्या, दर्द है?"

"खांद्याला वारा लागतो," तात्या म्हणाले.

दुपारी शेडचं दार लोटून ते गुपचूप पट्टा काढायचे आणि चिंचेनं बिल्ला घासत बसायचे. एका दुपारी चिमीनं त्यांना पकडलं.

"हा कोणाला मिळतो?" तिनं विचारलं.

"ज्याच्यावर ड्युटी असते त्याला."

"ड्युटी म्हणजे काय करायचं?"

तात्यांनी चिंच बाजूला ठेवली. त्यांना काय काय आठवलं असेल कोणास ठाऊक. म्हणाले, "जागा सोडायची नाही."

"केव्हापर्यंत?"

"साहेबांचा हुकूम येईपर्यंत. नाहीतर पहारा बदलायला दुसरा येईपर्यंत. त्याच्या आधी आभाळ पडलं तरी नाही."

"आणि सू लागली तर?"

"तर साहेबांना कळवायचं. साहेब हुकूम देतात."

चिमीनं पट्ट्यावरून हात फिरवला. म्हणाली, "मला द्या ड्युटी."

तात्यांनी पट्टा तिच्या खांद्यावर ठेवला. तो तिच्या पायापर्यंत आला. तात्यांनी रहीमकडे पाहिलं. रहीम उठला. पट्ट्याचं वरचं टोक त्यानं सीटमागच्या हुडाच्या लोखंडी दांडीला पक्कं केलं, खालचं टोक सीटच्या चौकटीला, आणि कमरेपाशी घोड्याच्या तंगाचं, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याचं, बक्कल बसवलं, बोटानं सुटेल असं. हत्तीगाठीचं नाव कोणी काढलं नाही. चिमी सीटवर बसली. पट्टा खांद्यावरून तिरपा पोटापाशी आला आणि बिल्ला बरोबर छातीवर.

मी मोटर चालू केली. गोरखीच्या वळणावर दार उघडलं. चिमी रस्त्याकडे बघत बसून राहिली. हलली नाही.

तात्या मागून चालत येत होते. त्यांचा हात खांद्यावर गेला, मग खाली आला.

संध्याकाळी मी सामान न्यायला गेलो तेव्हा पलंगावर एकच चळत होती.

* * *

इंदूरच्या त्या प्रवासाचे किस्से करायचे तर तेवढ्यानंच वही भरेल. दोनच सांगतो.

पहिला शिवपुरीचा. चहासाठी मोटर थांबवली. भाऊसाहेब उतरले, बाईसाहेब उतरल्या, चिमी उतरेना. बाईसाहेब म्हणाल्या, "चल ग, पाय मोकळे कर."

"साहेबांचा हुकूम नाही."

भाऊसाहेब चहाच्या टपरीपर्यंत पोचले होते. परत आले. म्हणाले, "चिमे, उतर."

"असं नाही. हुकूम द्या."

महसूल खात्याचे अधिकारी भर सडकेवर ताठ उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "चपराशी चिमणाबाई, दहा मिनिटं छुट्टी." तेव्हा कुठं तिनं बक्कल सोडलं. टपरीवाल्यानं भाऊसाहेबांच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "साहब, आपकी तबीयत ठीक नहीं लगती."

दुसरा नाक्याचा. जुन्या हद्दीतल्या नाक्यावर एक म्हातारा शिपाई होता. मोटर थांबली, तो मागच्या खिडकीपाशी आला, बिल्ला पाहिला, आणि बावीस-पंचवीस वर्षांच्या सवयीनं खाडकन सलाम ठोकून आडवा बांबू वर केला. सगळे पट्टे जमा झाले असं लिहून देणारे भाऊसाहेब नकाशांच्या नळ्या मोजू लागले.

पुढं ब्यावऱ्याच्या अलीकडे पूर्वी दुसऱ्या संस्थानाची हद्द लागायची. तिथला शिपाई तरुण होता, वाचता येणारा. त्यानं बिल्ल्यावरचं नाव वाचलं आणि हसला. "ये राज तो खतम हो गया, बिटिया."

चिमी समोर बघत म्हणाली, "हमारी ड्यूटी खतम नहीं हुई."

* * *

दोन-तीन वर्षं अशी गेली. उन्हाळा आला की इंदूर, थंडी आली की ग्वाल्हेर. दार उघडत राहिलं, चिमी बसत राहिली. फ्रॉकांच्या चळती पुन्हा दोन झाल्या नाहीत.

मग बातमी आली की राज्यांची नवी मांडणी होणार, आमचं राज्य दुसऱ्यांत मिसळणार आणि राजधानी भोपाळला जाणार. कायमची. आता परत येणं नाही. सामान बघायला, गाड्या बघायला, माणसं बघायला कोण कोण येऊ लागलं. एक तपासनीस आमच्या शेडमध्ये आला. चिमी शाळेतून येऊन मोटरीत बसली होती. त्याची नजर बिल्ल्यावर गेली.

"हा पट्टा इथं कसा? हा तर जमा व्हायला हवा. काढा."

तात्या भिंतीला चिकटले. भाऊसाहेब कचेरीत होते. तपासनीस चिमीला म्हणाला, "उतर बाळ."

"तुम्ही आमचे साहेब नाही," चिमी म्हणाली.

रहीम पुढं झाला. "हुज़ूर, ये गाड़ी का पुर्ज़ा है. इसके बिना गाड़ी चलती नहीं."

"पट्ट्यावाचून मोटर चालत नाही?"

"देख लीजिए."

चिमीला मोठ्या मिनतवारीनं पट्टा काढायला लावला. ती मागच्या सीटवर मोकळी उभी राहिली. तपासनीस मला म्हणाला, "चालू कर."

मी जागेवर बसलो. हात मांडीवर ठेवले. समोर बघत राहिलो.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मोटर चालू झाली नाही.

"देखा?" रहीम म्हणाला.

चिमीनं बक्कल लावलं. मी मोटर चालू केली. तपासनीस आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहत राहिला आणि मग कागदावर काय लिहिलं ते त्याचं त्याला माहीत. पट्टा राहिला.

* * *

आता शेवटचा.

भाऊसाहेबांच्या कुटुंबाचा जायचा दिवस आला. नकाशे आधीच रेल्वेच्या सरकारी डब्यातून पाठवावे लागले होते. तसा हुकूम होता. म्हणून भाऊसाहेबांचे हात रिकामे होते आणि ते कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. मोटर भोपाळला जाणार नव्हती. शेड बंद व्हायची होती. मी त्यांना फक्त स्टेशनपर्यंत सोडणार होतो.

तात्याही आले, माझ्या शेजारी बसून. त्यांची नोकरी त्याच महिन्यात संपत होती. चिमी आता सात वर्षांची होती आणि पट्टा तिला अगदी बेताचा बसत होता. गोरखीच्या वळणावर दार उघडलं, तिनंच हात लांबवून ओढून घेतलं.

स्टेशनवर हमाल धावले, ट्रंका उतरल्या, बाईसाहेब उतरल्या. चिमी बसून राहिली.

बाईसाहेब म्हणाल्या, "चल, चिमे. गाडी लागलीय."

चिमी समोर बघत होती.

भाऊसाहेब परत आले. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग सवयीप्रमाणे ताठ उभे राहिले. "चपराशी चिमणाबाई, छुट्टी."

"तुम्ही काल चार्ज दिला," चिमी म्हणाली. "तुम्ही आता इथले साहेब नाही."

ते खरंच होतं. काल दुपारी त्यांनी चार्ज दिला होता, आणि घेणारा अजून आलेला नव्हता. आत गाडीनं शिटी दिली. हमाल ट्रंका घेऊन केव्हाचे पुढं गेले होते. बाईसाहेबांनी मोटरीत हात घातला, चिमीच्या दंडाला धरलं, आणि मग सोडून दिलं. त्या माझ्याकडे बघू लागल्या. मला नेहमीसारखंच वाक्य जुळेना. बक्कल बोटानं सुटणारं होतं. पण कोणीही ते सोडायला पुढं झालं नाही.

तात्या पुढच्या सीटवरून उतरले. मागच्या दारापाशी आले. टाचा जुळवल्या.

"पहारा बदलायला आलोय," ते म्हणाले.

चिमीनं पहिल्यांदा मान वळवली. त्यांच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, मिशीपासून जोड्यांपर्यंत. मग तिनं बक्कल सोडलं, पट्टा खांद्यावरून काढला आणि जमिनीला लागू न देता त्यांच्या हातात दिला. तात्या आत बसले. पट्टा खांद्यावरून घेतला, बक्कल लावलं. चिमीनं त्यांना सलाम केला, तात्यांनी तिला केला. माझ्याजवळ येऊन ती म्हणाली, "गणूकाका, तात्यांना दाराच्या बाजूला झुकू देऊ नका." आणि आईचा हात धरून पळत आत गेली.

गाडी सुटल्याचा आवाज आला, तोवर आम्ही दोघं तिथंच होतो. मग मी मोटर चालू केली. हळूच चालवली. आरशात मला बिल्ला दिसत होता.

शेडमध्ये रहीम वाट बघत होता. मी मोटर आत घेऊन बंद केली. रहीमनं मागचं दार उघडलं.

"उतरिए तात्या. हो गया."

तात्या समोर बघत होते. हात मांडीवर, पाठ ताठ.

"तात्या," मी म्हटलं, "उतरा आता."

"उतरतो," तात्या म्हणाले. "पहारा बदलायला कोण आलंय?"

रहीमनं माझ्याकडे पाहिलं. मी रहीमकडे पाहिलं.